मागचा वाफा खचत नाही

१

“तिला एकदा मागच्या वाफ्यात पेरू दे. त्याशिवाय कळायचं कसं, ही राहणार आहे की नाही ते.”

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली झारी भरत होते आणि नळाची धार बारीक ठेवली होती. जोरात सोडली की झारी कलंडते आणि पाणी पायावर येतं. ऐकायचं म्हणून बारीक ठेवली नव्हती. पण बारीक असली की ऐकू येतं, त्याला मी काय करू?

सासूबाई माझ्या नवऱ्याशी बोलत होत्या.

“आई, पुन्हा ते नको,” तो म्हणाला.

“पुन्हा काय पुन्हा? मी काय तिला विहिरीत उतरवतेय? चार दाणे तर पेरायचे.”

“थोरलीनंही चारच दाणे पेरले होते,” हा तिसरा आवाज आत्याबाईंचा, म्हणजे सासऱ्यांच्या बहिणीचा.

मग ताटं एकावर एक ठेवल्याचा आवाज आला.

थोरली म्हणजे माझी जाऊ. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. ती आणि माझे थोरले दीर दुसऱ्या शहरात राहतात, इतकंच मला सांगितलं होतं. तेही भिंतीला ओल का आहे हे सांगावं तसं, नाइलाजानं.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सासूबाई तोंडावर मला ‘तुम्ही’ म्हणतात. इथे मी ‘ती’ होते. पाठीमागे का होईना, एकेरीत पोचले होते.

२

या घरात मला कुणी टाकून बोललं नाही. माझी तक्रार असलीच तर तीच होती. सासूबाई म्हणायच्या, “तुम्ही बसा, मी करते.” सासरे माझ्यासाठी खुर्ची सरकवायचे. ते सुतार आहेत, त्यामुळे सरकवण्याआधी खुर्ची डुगडुगते का तेही बघायचे. आत्याबाई टेलिफोनच्या कचेरीत होत्या. आयुष्यभर लोकांची बोलणी एकमेकांना जोडून दिली, पण माझ्याशी बोलताना त्याही फोनची लाइन तपासल्यासारख्या जपून बोलायच्या.

आणि माझा कप वेगळा होता. बाकीच्यांचे कप भिंतीवरच्या खुंट्यांना टांगलेले. माझा कप सोनेरी काठाचा. तो धुऊन, पुसून काचेच्या कपाटात जायचा. पाहुण्यांचा कप. लग्नाला महिना होऊन गेला तरी तो कपाटातच राहायला जात होता.

“भिंतीला जागा नाही का?” मी एकदा नवऱ्याला विचारलं.

“आहे की.”

“मग?”

“होईल गं,” तो म्हणाला आणि चष्मा काढून शर्टाला पुसायला लागला. तो चष्म्याच्या दुकानात काम करतो. अडचणीचा प्रश्न आला की त्याची काच हमखास मळते.

मी लग्नाआधी शिंप्याच्या दुकानात दुरुस्तीच्या टेबलावर होते. दुसऱ्यांनी शिवलेलं उसवायचं आणि माणसाच्या मापाला आणायचं. त्या कामात एक समजतं. कापड कधी भांडत नाही, टाका चुकला की तिथे ताणून ओढ दाखवतं. या घराला कुठेतरी ओढ होती. ती कुठे आहे हे समजायला मला त्या खिडकीखाली बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई म्हणाल्या, “अहो, तुमचं ते बियांचं पाकीट आलंय ना? मागच्या वाफ्यात टाका. तिथं छान येतं.”

“हो, आई,” मी म्हणाले. मला कुणी परीक्षेला बसवलं तर मी बसते. परीक्षक कोण आहे हे मात्र मला माहीत हवं.

३

वाफे मला नवीन नव्हते. माहेरी गच्चीवर मी लाकडी खोक्यांत भाज्या लावायचे, थरांच्या पद्धतीनं. तळाला भिजवलेला पुठ्ठा, म्हणजे तण गुदमरतं. त्यावर वाळका पाला, मग स्वयंपाकघरातली सालं, मग शेणखत, पुन्हा पाला, असे थर रचत जायचे. खणायचं नाही. खालचं काम गांडुळं करतात. असा वाफा कुजत जातो तसा खचतो. भरताना गुडघ्याएवढा असेल तर हंगाम सरता सरता पोटरीच्या खाली येतो. दरवर्षी नवे थर घालावे लागतात ते म्हणूनच.

इथले पुढचे सगळे वाफे तसेच होते, शहाण्यासारखे खचलेले. भिंतीलगतचा मागचा वाफा मात्र माझ्या कमरेपर्यंत होता. त्याच्या चौकटीच्या फळ्या एकाच वयाच्या नव्हत्या. खालची काळी पडलेली, तिच्यावरची करडी, तिच्यावरची तांबूस, आणि सगळ्यात वरची इतकी ताजी की नुकत्या रंधलेल्या लाकडाचा वास येत होता.

सासरे शेजारी घमेलं धूत होते. मी विचारलं, “बाबा, यात एवढं काय काय घालता?”

“यात? काही नाही. वरून जरा हात फिरवून सारखं करतो, तेवढंच.”

“मग फळ्या का चढवत गेलात?”

“वर येतो ना.”

“काय वर येतं?”

“वाफा,” ते म्हणाले. दूध उतू जातं हे सांगावं तशा सुरात.

मला हसू आलं, पण मी आवरलं. सुताराला फळ्या चढवायची हौस असते, असा अर्थ मी लावला. मग मी पाकीट फोडलं. घेवड्याचा नवा वाण मी मुद्दाम मागवला होता. दाणा अर्धा पांढरा, अर्धा काळा, मध्ये कुणीतरी ब्रशनं रेघ ओढावी तशी हद्द. बोटानं खळगे करून मी ते दाणे पेरले. माती कोमट होती. कुजणारी माती कोमट असतेच.

फक्त खात्रीसाठी मी फळीच्या वरच्या कडेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक लाल दोरा ताणून बांधला. माती दोऱ्याच्या चांगली खाली होती. बघू तर, म्हटलं.

४

घेवडा उगवला. सरळ, निरोगी, दोन पानं जोडून नमस्कार केल्यासारखी. त्यात काही खोट नव्हती. लाल दोरा मात्र दिसेनासा झाला. मला वाटलं सुटला. बोटानं उकरलं तर तो होता तिथेच होता, ताणलेला, गाठीसकट. माती त्याच्यावर आली होती.

मी कारणं शोधली. घुशी माती उकरतात. मुळं फुगतात. पाण्यानं पुठ्ठा फुगतो. प्रत्येक कारण थोडं थोडं पुरेसं होतं आणि सगळी मिळूनही पुरत नव्हती. शिवणात कापड कमी पडतं तसं, कुठल्याही बाजूनं ओढा, दुसरीकडे उघडं पडतंच.

दुपारी घर झोपलं की मी स्टूल घेऊन वाफ्याजवळ बसायला लागले. जुन्या पडद्याचं निळ्या पट्ट्यांचं कापड उरलं होतं, त्यातून बागेसाठी एप्रन शिवत होते. एक खिसा झाला होता. दुसरा लावावा की नाही हे ठरत नव्हतं. शिवता शिवता आवाज ऐकू यायचा. थप. थोड्या वेळानं थप, थप. कुणीतरी तळहातानं पाला दाबून बसवावा तसा. सासरे असतील, म्हणून मी मागे वळून बघायचे. सासरे आत घोरत असायचे.

कुजणारा ढीग आवाज करतो, हेही मला माहीत आहे. आत हवा अडकते, थर खाली बसतात. पण बसण्याचा आवाज खाली जातो. हा वर येत होता.

एकदा मीच तळहातानं माती थोपटली. रोपं लावल्यावर आपण थोपटतो तशी, सवयीनं.

खालून तसंच थोपटलं गेलं.

मी स्टूल उचलून अंगणाच्या पुढच्या बाजूला नेलं. पळाले नाही. तिकडे उजेड बरा होता.

५

फळ्यांच्या मधल्या फटीतून काहीतरी डोकावत होतं म्हणून मी ते चिमटीत धरून ओढलं. घेवड्याची वाळकी शेंग होती. कितीतरी पावसाळे खाल्लेली, कागदासारखी काळी. आत दोन दाणे. नखानं खरवडले तर एक बाजू पांढरी, एक काळी, मध्ये रेघ.

मी ते आत्याबाईंना दाखवले. “हा वाण आधी लावला होता का इथे?”

“हा नटवा? छे. आमच्याकडे आपला साधा हिरवा. हे असलं चित्रविचित्र तुम्हीच मागवलंत ना?” मग त्यांनी दाणा उजेडात धरला आणि हळूच माझ्या तळहातावर परत ठेवला. “कुठे मिळाला?”

“मागच्या वाफ्यात. खालच्या फळीतून.”

त्यांनी दाराकडे पाहिलं. सासूबाई बाहेर कपडे वाळत घालत होत्या.

“दाणा हिशेबात धरायचा नाही,” त्या म्हणाल्या. “बी-बियाणं काय, कुणाचंही असतं. हाताळलेली वस्तू यायला लागते.”

“कुणाची वस्तू?”

“जो पेरतो त्याची. माझी आली होती, कानाला लावायची ती टेलिफोनची दांडी. मी शाळेत होते तेव्हा. तुझ्या सासूची आली...” त्या थांबल्या. “तुमच्या सासूबाईंची आली. ज्याचं काही येतं तो या घरातला. दिसलं की झाकायचं, वर फळी चढवायची. उकरायचं नाही, विचारायचं नाही.”

“आणि थोरलीचं?”

“काही आलं नाही बाई. वर्षभर वाट बघितली. चांगली होती हो पोरगी, हसरी. पण वाफ्यानं काही दिलं नाही, आणि बघा, गेलीच की शेवटी. बरोबर त्यालाही घेऊन गेली. वाफा खोटं नाही बोलत.”

“तिचा कप कुठला होता?” मी विचारलं.

आत्याबाईंना प्रश्न समजला नाही. मग समजला. त्यांची नजर काचेच्या कपाटाकडे गेली आणि तिथेच राहिली.

वर्षभर पाहुण्यांच्या कपातून चहा प्यायला दिल्यावर कुणीही एक दिवस पाहुण्यासारखं निघून जाईल. त्याला वाफा कशाला लागतो? हे मी बोलले नाही. मनात मात्र पक्की टीप मारून ठेवली.

संध्याकाळी मी नवऱ्याला धरलं. “तुझं काय आलं होतं?”

त्यानं चष्मा काढला. मी तो त्याच्या हातातून काढून घेतला. पुसायला काही उरलं नाही तेव्हा तो म्हणाला, “चष्मा. एक दांडी मोडलेली, दोरा गुंडाळून बांधलेली. मी हसलो होतो. मला तेव्हा चष्मा नव्हताच.”

“मग?”

“मग काय, झाकला.”

“आणि माझं काही आलं नाही तर?”

“तर मी त्यांच्याशी बोलेन.”

“काय बोलशील?”

त्यानं चष्म्यासाठी हात पुढे केला. चांगला माणूस आहे. फक्त त्याच्या आईसमोर त्याला लांबचं दिसत नाही.

६

आत्याबाईंचे डोळे तपासायला सगळे दुपारी नवऱ्याच्या दुकानात गेले. मी सासऱ्यांचा पेचकस घेतला आणि मागच्या वाफ्याच्या पुढच्या बाजूच्या फळ्या, मधल्यापासून खालपर्यंत, सोडवल्या. वाफा कोसळला नाही. घट्ट रचलेला होता. थर सरळ दिसत होते, कापलेल्या केकसारखे.

ते मी बराच वेळ बघत राहिले, कारण चूक डोळ्यांना दिसत होती पण मनाला सापडत नव्हती.

मग सापडली. कुठल्याही वाफ्यात तळाचं सगळ्यात जुनं असतं, काळं, मऊ, ओळखू न येणारं. वर ताजं. इथे वर काळी माती होती, तिच्याखाली अर्धवट कुजलेली सालं, त्याखाली नुसता कोमेजलेला पाला, आणि अगदी तळाशी, जमिनीलगत, कांद्याची सालं चमकत होती. त्यांना आत्ताच चिरल्याचा वास येत होता.

हा वाफा कुणीतरी खालून भरत होतं.

मधल्या थरात कापडाची कड दिसली. निळे पट्टे. मी ओढलं, ते सहज आलं. एप्रन. माझा एप्रन घरात मशीनवर होता, सुई त्याच्यात तशीच रुतलेली, मी तासाभरापूर्वी उठले होते. हा पूर्ण झालेला होता. दोन्ही खिसे लावलेले. कापड विरून जाळी झालं होतं, आणि त्या जाळीवर रफू, रफूवर ठिगळ, ठिगळावर पुन्हा रफू. प्रत्येक ठिकाणी दोरा संपवताना एक तिरपा टाका मागे घेतलेला. त्या तिरप्या टाक्यावरून दुकानातल्या मास्तरांनी मला किती बोल लावले, पण हाताची ती खोड गेली नाही. स्वतःचा टाका ओळखायला आरसा लागत नाही.

एवढं रफू करायला आयुष्य लागतं. म्हणजे मी राहणार होते. उत्तर माझ्या हातात होतं, दोन खिशांसकट.

दुसऱ्या खिशात काहीतरी टणक लागलं. चष्मा. मोडक्या दांडीला दोरा गुंडाळलेला, शेवटाला तिरपा टाका. काचा स्वच्छ पुसलेल्या. तो चष्मा घालणाऱ्यानं तो तिथे ठेवला नव्हता, हे मला कापडाच्या घडीवरून समजलं. कुणीतरी तो जपायला ठेवला होता. ज्याचा होता त्याला तो आता लागत नसावा.

मी खाली बसले. माझ्या तोंडासमोर खालचा थर होता आणि त्यात, एप्रन निघाल्यानं पडलेली पोकळी.

त्या पोकळीतून हात आला.

घाईनं नाही. तळहात खाली करून त्यानं पाला दाबला, थप, थप, कडेनं सारखा केला. म्हातारा हात होता, मातीनं भेगाळलेला. मग तो थांबला आणि चाचपू लागला. कात्री कुठे ठेवली म्हणून आपण नजर न वळवता टेबलावर चाचपतो, अगदी तसा. कापड हवं होतं त्याला. तर्जनीचं नख मधोमध दुभंगलेलं होतं.

माझं तसंच आहे. शिकत असताना मशीनची सुई आरपार गेली होती. तेव्हापासून नख दोन फाळ्यांत वाढतं.

मी ओरडले नाही. ओरडून कुणाला बोलावणार होते? एप्रनची घडी घातली, चष्मा परत खिशात ठेवला, आणि त्या हातात दिला. हातानं घेतला. पण लगेच आत गेला नाही. माझ्या बाहीपर्यंत आला, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत बाहीचं कापड धरलं, हलकेच चोळलं. पोत बघतात तसं. मी दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांच्या कपड्यांना करायचे तसं.

मग तो गेला. आतून पाला सारखा झाला.

मी फळ्या परत बसवल्या. पेच सगळे घट्ट आवळले. एकही पेच तिरका गेला नाही.

७

ते आले तेव्हा मी हात धुतले होते, पण नखांतली माती आणि ओट्यावरचा पेचकस बोलायचं ते बोलले. सासरे फक्त पेचकस उचलून बघत राहिले. सासूबाईंनी पर्स खुर्चीला अडकवली आणि चहा टाकला. कप काढले. खुंट्यांवरचे चार, आणि कपाटातला एक.

आम्ही टेबलाशी बसलो. आत्याबाईंच्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं, तरी त्या माझ्याकडेच बघत होत्या. नवरा माझ्या शेजारी बसला होता, चष्मा घालून, दोन्ही दांड्या धड. त्याच्या कानामागे दांडीचा वळ पडतो. तिकडे बघायचं मी टाळलं.

“काय आलं?” सासूबाईंनी विचारलं. आवाज बारीक होता, त्या खिडकीखालच्या धारेसारखा. मला तेव्हा समजलं की त्यांना उत्तर माझ्यापेक्षा जास्त हवं आहे. एक मुलगा या प्रश्नावर त्यांनी घालवला होता.

‘एप्रन’ एवढं म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत माझा कप भिंतीवर टांगला गेला असता. सासऱ्यांनी खुंटीही ठोकली असती, प्रेमानं. आणि मग वाफा खरा ठरला असता. थोरली कायमची खोटी. उद्या या घरात येणारं प्रत्येक माणूस आधी त्या वाफ्याला विचारून आत घेतलं गेलं असतं. शिवाय ‘एप्रन’ म्हटल्यावर पुढचा प्रश्न आला असता: खिशात काही होतं?

“बोला ना,” सासूबाई म्हणाल्या. “तुमचं काही आलं?”

नवऱ्यानं घसा खाकरला. “आई, मी म्हणतो...” तो म्हणाला आणि तिथेच अडकला. मी टेबलाखाली त्याच्या हातावर हात ठेवला. माझं दुभंगलेलं नख त्याच्या मनगटाला लागलं असावं, तो जरासा दचकला.

मी सोनेरी काठाचा कप टेबलाच्या मधोमध सरकवला.

“काही आलं नाही, आई,” मी म्हणाले. “नुसतं खत आहे. पण मी राहणार आहे. अगदी शेवटपर्यंत, मी सांगतेय म्हणून. उद्या थोरल्या वहिनींना फोन करून बोलवा आणि हा कप कपाटातच राहू दे, त्यांनाही तो देऊ नका. बाबा, मागच्या वाफ्याला आता फळी चढवायची नाही, तिकडचं मी बघेन. आणि आई, आजपासून मला ‘तू’ म्हणायचं.”